सल्ला हवा: गिरणगावात राहिलेल्या पणजोबांच्या नोंदी कुठून शोधायला घ्याव्यात?

कृष्णाकाठ:
पणजोबा मूळचे पाटण तालुक्यातले (जि. सातारा), परळच्या गिरणीत कामाला. १९३० ते १९४० च्या दरम्यान वारले, एवढंच घरात ठाऊक आहे. त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव माहीत आहे. मृत्यूची तारीख, भावंडं, पणजीचं माहेर यातलं काहीच नाही. वंशावळीच्या परदेशी संकेतस्थळांची वर्गणी भरावी का? सुरुवात कुठून करू?

दप्तरखाना:
वर्गणी भरू नका. तिथे मुख्यतः चर्चच्या नोंदी, जहाजांच्या प्रवासी याद्या आणि इंग्लंड-अमेरिकेच्या जनगणना असतात. पाटणच्या शेतकरी घरातलं नाव तिथे मिळण्याची आशा फार थोडी. आपल्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते लोकांना पाहायला मिळत नाहीत. १९५१ च्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या काही गावांच्या प्रती मात्र तहसिलात सापडतात, त्या विचारा.

मृत्यूची नोंद शोधायला आधी जाऊ नका. दहा वर्षांचा पट्टा, त्यात मुंबई की गाव हे नक्की नाही. रजिस्टरं चाळून दमाल. आधी जमीन धरा. गावच्या आजच्या सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक (फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद). एकेक फेरफार (गाव नमुना ६) काढत मागे जायचं. पणजोबांच्या नावे जमीन असेल तर वारस फेरफारात ते मयत झाल्याची तारीख, बायको, मुलं, मुली असं सगळं मिळतं. वारसांचं रजिस्टर (६-क) वेगळं असतं, तेही मागा.

इथे दोन अडचणी येतात. एक, जमिनींच्या एकत्रीकरणात (विखुरलेले तुकडे एकत्र केले तेव्हा) सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कळल्याशिवाय जुना सातबारा कोणी काढून देत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडून एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या, त्यात गट आणि सर्व्हे नंबर समोरासमोर असतात. दुसरी, वारस नोंद पुष्कळदा मृत्यूनंतर काही वर्षांनी घातलेली असते. फेरफाराची तारीख ती मृत्यूची तारीख समजू नका, मजकूर वाचा.

कृष्णाकाठ:
जमीन पूर्वीपासून थोरल्या भावाच्या घराण्याकडे आहे असं ऐकून आहे. पणजोबांचं नाव लागलंच नसेल तर?

दप्तरखाना:
मुंबईला गेलेल्या धाकट्या भावांचं बहुतेक असंच असतं. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसतं का बघा, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा वेळी त्या थोरल्या भावाचा वारस फेरफार आणि नंतरचा वाटपाचा फेरफार काढा. वाटपात पणजोबांच्या मुलांची नावं 'मयत अमुक यांचे वारस' म्हणून येतात. म्हणजे त्या तारखेआधी पणजोबा गेलेले होते, हे पक्कं होतं. पट्टा असाच आवळत न्यायचा.

मग गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पुस्तकं तहसिलाच्या अभिलेख कक्षात असतात. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध झाला, तेव्हा पुष्कळ जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तालुका-गावनिहाय टाकली. जात कुठलीही असो, आधी घरबसल्या तिथे पाहा. मात्र त्यात सगळी पानं नसतात. तिथे नाव नाही म्हणून नोंदच नाही असं धरू नका.

मोडीघाट:
कोतवाल बुकात आडनाव बहुधा नसतं. 'रामा बिन गणू' म्हणजे गणूचा मुलगा रामा, 'सखू कोम रामा' म्हणजे रामाची बायको सखू. तुम्ही 'रामचंद्र गणपत' शोधत बसाल आणि 'रामा' नजरेखालून निघून जाईल. जन्माच्या नोंदीत तर बाळाचं नावही नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच. त्यामुळे भावंडं शोधताना बापाच्या नावावर नजर ठेवा.

सरकारी कामातून मोडी लिपी (मराठीची जुनी जोडून लिहायची लिपी) हटवण्याचा निर्णय १९१७ चा, पण गावपातळीवर ती पुढे कितीतरी वर्षं चालली. तुमच्या काळातली पानं मोडीत निघू शकतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सुटे लिहिलेले नसतात, म्हणून अंदाजाने वाचू नका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं. तिथून तयार झालेला वाचक गाठा. त्याला एकच ओळ कापून पाठवू नका, पूर्ण पान पाठवा. लिहिणाऱ्याचं वळण कळायला आजूबाजूच्या नोंदी लागतात.

लालबागकर:
मुंबईचं सांगतो. मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदला जातो. परळमध्ये गेले असतील तर महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डाच्या आरोग्य खात्यात विचारा. केईएम रुग्णालय १९२६ पासून परळलाच आहे, त्यामुळे माणूस दुसऱ्या भागात राहत असला तरी नोंद इथे असू शकते. अर्जात सालांचा पट्टा लिहा. सापडलं नाही तर तोंडी नकार घेऊन परतू नका, अनुपलब्धतेचा दाखला (नमुना १०) मागा. आणि हो, मृत्यूचं कारण दाखल्यावर येणार नाही. १९६९ च्या कायद्याचं कलम १७ ते देऊ देत नाही.

आजारी पडलेले कामगार पुष्कळदा गावी परतत, म्हणून कोतवाल बुक वगळू नका.

दप्तरखाना:
तहसिलात 'खाजगी माहिती आहे' असं म्हणाले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती असेल तर कलम ८(३) मुळे खाजगीपणाचं कारण चालत नाही. अर्जात ते कलम लिहाच. शिवाय रजिस्टरचं नाव, गाव आणि सालं नेमकी घाला; 'पणजोबांची सर्व माहिती' असं लिहिलंत तर अर्ज तसाच परत येईल.

मोडीघाट:
पणजीच्या माहेरासाठी तिच्या मुलांपैकी कोणी माहेरगावी शिकलं का ते विचारा. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून (प्रवेशाची नोंदवही) गावाचा धागा लागतो. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका, ती अनेकदा मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते शोधा. त्यांच्या नामावळीच्या वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात. घरातलं कोणी यात्रेला गेलं असेल तर सगळ्या भावांची आणि मुलांची नावं एका जागी मिळतात, जमिनीच्या कागदात कधीच न आलेल्या लोकांचीसुद्धा. जाताना गावचं जुनं नाव, आडनाव आणि कुलदैवत लिहून न्या.