कौलं काढून पत्रे घातले. आता छप्पर भिंतीला धरून कसं ठेवायचं?

दर्यालगत
श्रीवर्धन तालुक्यातलं घर, समुद्र जवळ. जांभ्याच्या 15 इंची भिंती, चिरा (जांभ्याचा कापीव दगड) मातीत रचलेला. 2020 च्या निसर्ग वादळानंतर वासे-कौलं उतरवून लोखंडी पाइपांवर पत्रे घातले. पाइपांचे पाय वरच्या थरात भोक पाडून सिमेंटने बसवलेत. स्क्रू गंजलेत, उकाडा तर आहेच. स्क्रू बदलले की भागेल, की परत कौलं घालावीत?

आडवा_पाट
स्क्रू नंतर. आधी पाइपांचे पाय.

हिशेब करून बघा. सेकंदाला 40 मीटर, म्हणजे ताशी 144 किमी वाऱ्याचा दाब 0.6 × 40 × 40 = 960 न्यूटन, चौरस मीटरला जवळजवळ 100 किलो. अर्धा मिलीमीटर पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत 4-5 किलो. वारा छपराला वर ओढतो, बाकी सगळी ओढ पायांवर येते, आणि तुमचा पाय एका सुट्या चिऱ्यात आहे. वारा चिऱ्यासकट उचलेल.

भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून सलग काँक्रीटचा पट्टा घाला: 6 इंच उंच, भिंतीएवढा रुंद, 10 मिमीच्या चार सळ्या, दर 6 इंचांवर रिंग. त्याचं वजन मीटरला साधारण 140 किलो भरतं, तेवढ्याने भागत नाही. म्हणून कोपऱ्यांत आणि दर 4-5 फुटांवर भिंतीत खाच पाडून 12 मिमीची सळई तीन-चार थर खाली न्या, तळाशी पट्टी वेल्ड करून खाच काँक्रीटने भरा, वरचं टोक पट्ट्याच्या सळ्यांत अडकवा. आता वाऱ्याला तीन थर भिंतही उचलावी लागेल. पाइपाखाली प्लेट द्या आणि पट्ट्यात आधीच सोडलेल्या बोल्टांवर ती आवळा.

मग स्क्रू. मधल्या भागात पत्र्याचा एक उंचवटा सोडून एक चालेल. पागोळीला, आढ्याजवळ आणि दोन्ही बाजूंच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर हवा, कारण पत्रा सुटायला तिथूनच सुरुवात होते. जुन्या भोकात एक नंबर जाड स्क्रू. स्क्रूखालचा ईपीडीएमचा (रबराचा) वायसर जरासा दबला की थांबा. जास्त आवळला तर फाटतो आणि पाणी पाइपात उतरतं. हातोडीने ठोकलेला स्क्रू धरत नाही, कामगार घाईत ठोकतात, लक्ष ठेवा.

पोफळीची_सावली
कौलांना इतकं मोडीत काढू नका. मंगलोरी कौल चौरस मीटरला 15 च्या आसपास लागतं, वजन 35-40 किलो होतं. उडतात ती पागोळीची आणि आढ्यावरची. कौलाच्या मागच्या बाजूला भोक असतं ते बांधायलाच. पागोळीच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने रिपांना बांधा. साधी बाइंडिंग तार खाऱ्या हवेत टिकत नाही. शिवाय माड पडला तर फुटलेली कौलं तेवढीच बदलता येतात.

आडवा_पाट
मान्य, पण तुमच्या हिशेबानेही 960 न्यूटनपुढे 40 किलो कमीच. पत्रे असोत की कौलं, पट्टा लागणारच. आणि सध्याच्या पाइपांवर कौलं चढवायची तर पाइप त्या वजनाला पुरतात का, ते आधी तपासून घ्या.

दर्यालगत
पडवीचा पत्रा मुख्य छपराला सलग आहे. चालेल?

आडवा_पाट
नको. पडवीखाली वारा कोंडतो, तिचा पत्रा उचलला की मुख्य पत्रा सोबत फाटतो. वेगळा करा, दोन्हींत चार-सहा इंच उंचीचा फरक ठेवा. मुख्य छपराचा भिंतीबाहेरचा भाग दीड फुटापेक्षा जास्त नको. उकाड्यासाठी पत्र्याखाली सहा इंच सोडून छत करा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी द्या.

काम मेमध्ये उरकायचं तर पट्ट्याला निदान सात दिवस पाणी मारल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नका.