मदत हवी आहे: विस्कटलेल्या आठवड्यांतही टिकतील अशा आरोग्याच्या लहान सवयी

नमस्कार.

आम्ही कोथरूडला राहतो. घरात माझे पती (वय ४६), सासूबाई (वय ७२) आणि मी. गेल्या तपासणीत पतींचे एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची एक चाचणी) ६.१ टक्के आले. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था मानतात, त्यामुळे डॉक्टरांनी तूर्त औषध न देता आहार आणि व्यायामाकडे लक्ष द्यायला सांगितले असून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. ही चाचणी रक्तातल्या तांबड्या पेशींत चिकटलेली साखर मोजते आणि या पेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्याने तीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. म्हणजे आधी आठवडाभर कडक पथ्य पाळून काही साधणार नाही, रोजचे वागणेच बदलायला हवे, हे आम्हा सगळ्यांनाच पटले आहे.

हिंजवडीहून रात्री नऊनंतर घरी येणाऱ्या माणसाला पहाटे वेताळ टेकडीवर पाठवणे काही जमण्यासारखे नव्हते. म्हणून दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटे चालायचे, एवढेच ठरवले: दुपारी ऑफिसच्या आवारात, रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची वेळ विशेष उपयोगी, आणि आठवड्याला १५० मिनिटांची जी शिफारस आहे तीही यात सहज पूर्ण होते. पानात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी आणि थोडाच. चहातली साखर बंद झाली.

सासूबाईंची प्रगती तर मला फार मोलाची वाटते. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठबस करतात. सुरुवातीला ओट्याची कड घट्ट धरून उठत असत. आता दोन्ही हात छातीशी घेऊन, पायांचे तळवे जमिनीवर नीट टेकवून, सावकाश उभ्या राहतात. या वयात मांड्यांतली ताकद आणि तोल टिकणे म्हणजे पडण्याचा धोका कमी होणे, त्यामुळे हे कधीही सुटू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण येते ती घडी विस्कटल्यावर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. हे वाचून धीर आला. मात्र आमच्याकडे एखादा दिवस चुकत नाही, आठवडाच्या आठवडा जातो. पतींना कामानिमित्त रात्री अमेरिकेशी बोलावे लागते तेव्हा जेवण आणि मीटिंग एकाच वेळी येते. पावसाळ्यात पार्किंगमध्ये इतके पाणी साचते की चालणे अशक्य होते. अशा वेळी सवय छोटी करून चालू ठेवावी (घरातल्या घरात पाच मिनिटे फेऱ्या, किंवा जिन्याचे दोन मजले), की तिची वेळच बदलावी? ज्यांची सवय असे खंड पडूनही वर्षानुवर्षे टिकली आहे, त्यांनी ती कोणत्या ठरलेल्या कामाला जोडली होती, हे कृपया सविस्तर सांगावे.

दुसरा प्रश्न उपवासांचा. आमच्याकडे संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार असतात आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस असे पिष्टमयच सगळे पानात येते. सासूबाईंच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही, आणि उपवास मोडावा असे मलाही वाटत नाही. सध्या खिचडी थोडी करून सोबत दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक वाढते. भगर आणि राजगिरा आहेतच, पण तेही शेवटी पिष्टमयच, म्हणून प्रमाण किती ठेवावे हे ठरत नाही. ज्यांच्या घरी मधुमेह आहे आणि उपवासही होतात, त्यांच्या पानात नेमके काय आणि किती असते?

डॉक्टरांचा सल्ला चालू आहे, त्यामुळे औषधे, काढे किंवा चूर्णे कृपया सुचवू नयेत. कोथरूड किंवा कर्वेनगर भागात ज्येष्ठांना तोल सांभाळण्याचे व्यायाम घरी येऊन शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कसे शोधावेत आणि त्यांना आधी काय विचारावे, हेही अनुभवी मंडळींनी सांगितल्यास सासूबाईंसाठी लगेच पुढची व्यवस्था करता येईल.