गाडी रस्त्यावर लागते, रोज खानापूर अपडाउन, ईव्ही चार्ज करायची कुठं?

वडगावची_मास्तरीण
नमस्कार सगळ्यांना. आमच्याकडं इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं चाललंय, सेकंडहँड, तीस युनिटच्या बॅटरीची, विकणारा म्हणतोय फुल चार्जला दोनशे किलोमीटर आरामात जातीय. मी रोज खानापूरला शाळेत जाते, जाऊन येऊन पंचावन्न-साठ किलोमीटर, सुट्टीला कधी कोल्हापूर आणि गोव्याला माहेर, चोर्ला घाटानं. गाडी पसंत आहे खरं चार्जिंगचं काय ते डोक्यात बसेना. घर जुनं, बेळगावात वडगावच्या गल्लीतलं, गाडी दारासमोर रस्त्यालाच असते. मागल्या खोलीत सासऱ्यांचे माग आहेत, त्याला वेगळं मीटर आहे, जाड वायर आलेलीच आहे, तर मिस्टर म्हणतात तिथूनच ओढू की. विकणारा म्हणतोय भिंतीवर सात किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे गाडीचा चार्जर, बसवून घ्या. शेजारचे काका म्हणतात घरी काही नको, आता हायवेला फास्ट चार्जर झालेत, आठवड्यातनं एकदा लावून यायचं. मला सकाळी सातला निघायचं असतं, ॲप बघत रांगेत उभारायला वेळ नाही. जे खरोखर वापरतायत त्यांनीच सांगा, रोजचं कसं करता?

केए२२_हिरवी_पाटी
ताई आधी काकांना गाडी घेऊ दे मग सल्ला देऊ दे 😀 रोजच्या साठ किलोमीटरला आठ-नऊ युनिट लागणार, जास्त नाही. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटला तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे रात्री जेवून झाल्यावर लावली की तुम्ही झोपायच्या सुमारास रोजचा हिशेब पुरा. लोक शून्यापासनं शंभरपर्यंत किती तास लागतात ते विचारत बसतात, शून्यावर गाडी आणतंय कोण? रोज जेवढी वापरली तेवढी रोज भरायची, विषय संपला.

वॉलबॉक्सचं म्हणाल तर आधी त्या गाडीच्या आतला चार्जर किती किलोवॅटचा आहे ते विचारा. तीस युनिटच्या जुन्या गाड्यांत ३.३ चा असतो, मग भिंतीवर सातचा डबा लावा नाहीतर बावीसचा, गाडी ३.३ च घेणार. पैसे जातील, वर लोड वाढवून घ्या म्हणून हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या हपिसात चकरा वेगळ्या.

फास्ट चार्जर रोजच्याला मुळीच नको. घरच्या युनिटच्या तिप्पट दर पडतो बऱ्याच ठिकाणी, वर १८ टक्के जीएसटी.

वायरमन_खासबाग
मागाच्या मीटरवरनं ओढू नका ताई, मिस्टरांना हात जोडून सांगा. ती वीज विणकरांसाठी सवलतीची, माग चालवायला दिलेली. त्यावर गाडी लावली आणि तपासणीला पथक आलं तर दंड तर बसेलच, वर मागाच्या सवलतीवरच गदा यायची आणि सासऱ्यांचं तोंड तुम्हाला बघायला लागंल. घरच्या मीटरवरनंच घ्या.

आता काम कसं करायचं ते. बोर्डापासनं दारापर्यंत वेगळी लाइन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा). मिक्सरच्या पॉइंटवरनं जोडून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. सॉकेट चांगल्या कंपनीचं, कारण इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी चार-पाच तास सलग पंधरा अँपिअर ओढते, हलक्या सॉकेटची पिन सैल पडते, तिथं गरम होतं, आधी प्लास्टिक तपकिरी पडतं मग वितळतं. पहिल्या दिवशी लावून अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा, कोमट असला तर चालतंय, चटका बसला तर बंद करून मला किंवा कुणालातरी बोलवा. एक्स्टेंशन बॉक्स अजिबात नाही, पाच मिनिटं सुद्धा नाही.

आणि अर्थिंग!! निम्मी बोंब ह्याचीच असते. गाडीबरोबरचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, नसलं तर लाल दिवा लावून गप्प बसतो, मग लोक म्हणतात गाडी खराब. जुन्या घरात अर्थिंगची वायर असते पण ती कुठं जाते कुणालाच माहीत नसतं. मल्टीमीटर लावून बघायचं, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण जवळपास तेवढंच यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जास्त दाखवलं तर नवीन खड्डा, पाईप, कोळसा, मीठ. आपल्या वडगाव-येळ्ळूर पट्ट्यात काळी माती आहे, ओल धरते, तिथं अर्थिंग छान लागतं. खानापूरच्या अंगाला जांभा दगड, तिथं घाम निघतो. एप्रिल-मे मध्ये खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, उन्हाळ्यात लाल दिव्याचे फोन येतात ते यामुळंच.

पॉइंट दाराबाहेर चार फुटावर, झाकणाच्या पेटीत, कुलूप लावून. चार्जरचा डबा भिंतीला खुंटीवर टांगायचा, गटारीजवळ जमिनीवर ठेवायचा नाही, आपल्याकडचा पाऊस माहीत आहे. केबल गल्लीत आडवी जाता कामा नये, गाडी तोंडानं लावायची का पाठीनं ते आधी ठरवा म्हणजे पॉइंट त्या बाजूला देता येतो.

हिशेबी_माणूस
एक गोष्ट कुणी बोललं नाही, गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची २०० युनिटपर्यंत फुकट विजेची योजना. तुमचं घरचं बिल आता शून्य येत असेल तर गाडी आल्यावर येणार नाही. दिवसाला आठ-नऊ युनिट म्हणजे महिन्याला गाडीचेच दोनशेच्या घरात, आणि घरातलं धरून २०० च्या वर गेलात की अख्खं बिल भरायचं, नुसतं वरचं नाही. त्यापेक्षा गाडीला वेगळं कनेक्शन मागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीज ग्राहक हक्क नियमात दुरुस्ती केलीय, ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. त्या मीटरला योजना लागणार नाही, किलोवॅटप्रमाणं फिक्स चार्ज पण पडणार, खरं घरचं मीटर जागच्या जागी राहतंय. दोन्ही कागदावर मांडून बघा आणि मग काय ते ठरवा. पेट्रोलशी तुलना केली तर दोन्हीकडनं फायद्यातच आहात.

टिळकवाडी_तिसरा_मजला
तुमचं स्वतःचं दार तरी आहे ओ ताई. आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगला पॉइंट मागितला तर मीटिंग, मग परत मीटिंग, एकजण म्हणतो आग लागेल, दुसरा म्हणतो कॉमन मीटरचं बिल आम्ही का भरू. अरे मी माझ्याच मीटरवरनं खाली वायर आणतोय! सप्टेंबर २०२४ च्या केंद्राच्या गाइडलाइनमध्ये स्वच्छ लिहिलंय की घरच्या आहे त्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. प्रिंट काढून नोटीस बोर्डाला लावलीय, बघू आता.

निपाणी_बेळगाव_रोज
हायवेवरचं मी सांगतो, त्याच रस्त्यावर माझी जिंदगी चाललीय. चार्जर नाहीत असं नाही, आहेत. त्याच २०२४ च्या गाइडलाइनमध्ये हायवेला दर २० किलोमीटरला दोन्ही अंगाला एक असावा असं आहे. पण नकाशावर हिरवा ठिपका दिसतो म्हणून चार्जर चालू असतो असं नाही. कधी लाइट नाही, कधी गन (केबलच्या टोकाचा प्लग) गाडी ओळखत नाही, कधी त्याच जागेत पेट्रोलची गाडी लावून साहेब आत जेवायला. एकदा एका कंपनीच्या ॲपमध्ये पाचशे टाकल्याशिवाय सुरूच होईना, दोनशेचं चार्ज केलं, उरलेले तीनशे अजून तिथंच, आणि तो चार्जर बंद पडलाय.

सगळे म्हणतात किलोवॅट वाढवा, १२० चा लावा, २४० चा लावा. मला विचाराल तर तीसचाच असू दे, वर पत्रा असू दे, एक माणूस असू दे आणि यूपीआयनं पैसे घेऊ दे. पंपावर पेट्रोल टाकायला कुणी आधी ॲप उतरवून घेतंय का? शिवाय ६० चा बोर्ड असला तरी दोन गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी तीस-तीस वाटून मिळतात, आणि तुमची तीस युनिटवाली तशीही फार जोरात घेत नाही. ८० टक्क्यांच्या वर तर सगळ्याच गाड्या हळू होतात, शंभरचा हट्ट धरून मागच्याला तिष्ठत ठेवू नका.

कोल्हापूर एकशे दहाच्या आसपास, हायवेला ऐंशी-नव्वदनं गेलं तर दोनशे विसरा, दीडशे-पावणेदोनशे धरा. म्हणजे जाऊन येऊन एकदा तासभर लावायला लागणारच. ते जाताना करू नका, कोल्हापुरातच जेवणाच्या वेळेला उरका, शहरात एक बंद असला तर दुसरा जवळ सापडतो. आणि निघायच्या आधी ॲपमधली ताजी कमेंट वाचा, फोन नंबर असला तर लावून विचारा, चालू आहे काय म्हणून.

वडगावची_मास्तरीण
सगळ्यांचे आभार, मागाच्या मीटरचं बरं सांगितलं, घरात आज त्यावरनंच जुंपलीय. वायरमन दादा, गाडी पाठीनं लावली तर पॉइंट दाराच्या डाव्या अंगाला चालेल. चोर्ल्याचं मात्र कुणी बोललं नाही, घाट चढून येताना बॅटरी पुरते काय?

केए२२_हिरवी_पाटी
पुरते हो. गोव्याला जाताना उतार, काही चार्ज परत मिळतंय. येताना केरीपासनं चढ लागला की टक्के भराभरा उतरतात आणि माणूस घाबरतो, खरं दीड टनाची गाडी सातशे मीटर वर आणायला नुसत्या उंचीचे तीनेकच युनिट होतात. वर कणकुंबी-जांबोटीला आलात की आकडा परत ताळ्यावर येतो. फक्त घाटात रेंज नसते, तिथं ॲप उघडून काही बघू म्हणाल तर जमणार नाही. माहेर आहे म्हणताय ना, मग तिथल्या अण्णांना एक १५ अँपिअरचा पॉइंट अंगणात काढून ठेवायला सांगा, रात्रभर लावा, सकाळी फुल.

वायरमन_खासबाग
डावीकडं चालेल, पण त्या बाजूला नळाचं मीटर असलं तर दोन फूट लांब घेऊ. आणि ताई, गाडी ठरवताना सोबतचा चार्जर देतायत काय ते आधी बघा, केबलसकट. सेकंडहँडमध्ये नेमका तोच राहिलेला असतो आणि मग म्हणतात वॉलबॉक्स घ्या.

वडगावची_मास्तरीण
अय्या, म्हणून तो वॉलबॉक्स वॉलबॉक्स करत होता होय! उद्याच फोन करते.