‘धर्तीवर’ म्हणजे नेमकं काय घेतलं?

खाणीतली:
नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज नाशकातलंच. थिसिसचा विषय, शहरासाठी नवं स्टेडियम. ड्रॉइंग झालीत, अडलंय ते एका शब्दापाशी.

जागा म्हणून मी शहराबाहेरची एक बंद पडलेली दगडखाण धरली आहे. डोळ्यासमोर होतं पोर्तुगालमधलं ब्रागाचं स्टेडियम. एदुआर्दो सोतो द मोरा यांनी ते २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी डोंगरातल्या खाणीत बसवलं. प्रेक्षक फक्त दोन लांब बाजूंना, एका गोलमागे खडकाचा सरळ कडा, आणि दोन्ही छपरांना जोडणाऱ्या पोलादी तारा मैदानावरून आरपार गेलेल्या. मराठी टिपणात मी लिहिलं, ‘प्रस्तावित स्टेडियमची रचना ब्रागाच्या धर्तीवर केली आहे.’ सरांनी ‘धर्तीवर’भोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘म्हणजे नक्कल?’ मी ते खोडून ‘ब्रागापासून प्रेरित’ केलं. पुन्हा गोल.

तर धर्तीवर, प्रेरित, बेतलेलं, नक्कल यांत फरक काय? आणि नक्कल ही शिवीच आहे का?

रेकॉर्डरूम:
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात माझी नोकरी गेली. म्हणजे संपली, सुखरूप. नक्कल ही शिवी नाही, ताई. निदान आमच्या खात्यात नव्हती. लोक सकाळपासून रांगेत उभे राहून फेरफाराची नक्कल मागायचे आणि हातात पडली की अशी घडी घालून पिशवीत ठेवायचे, जणू जमीनच घरी चालली आहे. जुन्या कागदांवर शेरा असायचा, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’, म्हणजे मुळाप्रमाणे हुबेहूब. अस्सल आणि नक्कल दोन्ही शब्द मुळात अरबी, फारशीच्या वाटेनं दफ्तरात आलेले. ‘नक्ल’चा तिकडचा अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं. कागद कपाटातच राहतो, मजकूर तेवढा तुमच्याबरोबर येतो.

बदनामी झाली ती परीक्षेच्या हॉलमध्ये आणि गॅदरिंगच्या स्टेजवर. दफ्तरातल्या नकलेखाली दोन सह्या असत, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. रुजवात म्हणजे दुसऱ्या माणसानं मूळ कागद समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणं. चोरी करणारा रुजवात घेत नाही, हा फरक. तुमच्या वाक्यात मूळ कुठलं ते आहे, रुजवात नाही.

गंगेवरचा:
पेपरात रोज वाचतो. अमक्या शहराच्या धर्तीवर, तमक्या देशाच्या धर्तीवर. धर्ती आली की समजावं, आराखडासुद्धा अजून झालेला नाही.

तांबट_आळी:
वरच्या काकांचं बरोबर आहे, पण शब्द जरा उलटून पाहा. ‘धर्ती’ एकटी कधीच येत नाही. ‘या वाड्याची धर्ती छान आहे’ असं कोणी म्हणत नाही. ठेवण छान, धाटणी छान, घडण छान म्हणतो आपण. धर्तीला पुढे ‘वर’ लागतो आणि मागे कुणाचं तरी नाव लागतं. शब्दच बांडगुळासारखा. आणि काय घेतलं ते सांगत नाही. ‘वानखेडेच्या धर्तीवर’ म्हणजे काय? तेहतीस हजारांच्या आसपासची आसनं? २०११ च्या विश्वचषकाआधी घातलेलं कापडी छत? की चर्चगेटला उतरून चालत पोचता येतं ही सोय? तिसरी गोष्ट कोणी घेतली तर पहिली टाळी माझी. पण ती कोणी घेत नाही.

‘बेतणं’ मात्र मला आवडतं. हा शिंप्याचा शब्द. परीक्षणांतून ‘कादंबरीवर बेतलेला सिनेमा’ लिहून लिहून आपण त्याची धार घालवली. शिंपी नमुन्याचा सदरा समोर ठेवतो, पण टेप लावतो तुमच्याच छातीला. गंमत म्हणजे स्टेडियम हा शब्दही मुळात मापाचाच. ग्रीकांचा ‘स्टेडियन’ म्हणजे सहाशे फुटांचं अंतर, ऑलिंपियाला ते जवळजवळ १९२ मीटर भरतं. आधी अंतर, मग तेवढं अंतर धावायची शर्यत, मग ती शर्यत जिथे व्हायची ती जागा.

तर बाळ, तुझ्या ब्रागाला टेप लाव. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर, लांबट चौकोन, म्हणून समोरासमोर दोन सज्जे शोभतात. नाशिककर बघायला येणार क्रिकेट. गोल्फ क्लबवर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, तोंडात अजून गोल्फ क्लब, गोल्फ खेळणारा मी तिथे जन्मात पाहिला नाही) रणजी सामना लागला की माणसं ऑफिस चुकवून येतात. ते मैदान गोलसर, कुठूनही मोजा, सव्वाशे-दीडशे मीटर. दोन सज्ज्यांत ते मावणार कसं? खेळपट्टी उत्तर-दक्षिण हवी, नाहीतर उतरतं ऊन फलंदाजाच्या डोळ्यात. तुझा कडा कुठल्या दिशेला येतो? शिवाय ब्रागाचा खडक फिकट ग्रॅनाइट. आपला काळा बेसाल्ट, चैत्र-वैशाखात दिवसभर तापतो आणि संध्याकाळी शेकोटीसारखा अंगावर येतो. आणि श्रावणात आपल्या खाणींची तळी होतात, हे तू पाहिलं असशीलच.

एवढं मोजून झाल्यावर जे उरेल ते बेतलेलं. त्याआधी सगळी धर्ती.

खाणीतली:
दादा, खेळपट्टी काढलीय, कडा पश्चिमेला येतो. म्हणजे ऊन अडतं, तेवढं तरी नशीब. पाण्याचं काहीच केलेलं नाही. बाकी सगळं बरोबर, मी फुटबॉलच्या चौकोनालाच कोपऱ्यांत ओढून गोल केलं होतं.

पण ‘प्रेरित’ला काय हरकत? सोतो द मोरांच्या त्या तारासुद्धा पेरूतल्या इंका लोकांच्या झुलत्या पुलांवरून सुचलेल्या. तेही प्रेरितच की.

तांबट_आळी:
हरकत अशी की ‘प्रेरित’ हल्ली चोरीचं टोपणनाव झालंय. पण तुझंच उदाहरण बघ. पुलाचा दोर दरी ओलांडतो, त्यांनी त्याचीच तार करून दोन छपरं एकमेकांना धरून उभी केली. घेतलेली वस्तू नव्या कामाला लावली. तू त्या तारा कशाला लावल्यास?

खाणीतली:
...छान दिसतात म्हणून.

लेणीवाला:
सरांनी लाल गोल उगाच काढला नाही म्हणायचा.

मी या धाग्यात पांडवलेण्यांमुळे पडतोय. दर रविवारी त्या लेण्यांच्या डोंगरावर, त्रिरश्मीवर चढतो. कधी १० नंबरचं आणि ३ नंबरचं लेणं एकापाठोपाठ बघा. १० नंबर क्षत्रप राजा नहपानाचं, त्याचा जावई उषवदात याच्या शिलालेखांचं. ३ नंबर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं, गौतमी बलश्रीचं. गौतमीपुत्रानं नहपानाचा पराभव केला आणि मग त्याच्याच घरच्या मंडळींनी जवळजवळ त्याच बेताचं लेणं खोदवलं. ओसरीला तसेच सहा खांब, तशीच घंटेच्या आकाराची शीर्षं, वर तसेच प्राणी. १० नंबरची घंटा प्रमाणात नेमकी उतरली आहे, ३ नंबरची जरा बोजड. हात लावून (लावू नये, पण कळतं) फरक समजतो. तरी ३ नंबरवाल्यांनी एक गोष्ट स्वतःची केली. ओसरीच्या खाली धिप्पाड पुरुष कोरले, जणू सगळं लेणं त्यांनीच खांद्यावर उचलून धरलंय.

आता यातला खरा घास. १० नंबरच्या मागच्या भिंतीवर स्तूप कोरलेला होता. पुढे फार नंतर कोणीतरी तो छिलून त्याचा भैरव केला. ३ नंबरच्या भिंतीवरचा स्तूप आहे तसाच आहे. म्हणजे मुळात काय होतं ते समजून घ्यायला आज नकलेकडे जावं लागतं. रेकॉर्डरूमवाले काका, तुमच्या दोन सह्यांत हे कुठे बसवायचं?

रेकॉर्डरूम:
असं आमच्याकडेही व्हायचं. अस्सल वाळवीनं खाल्लेलं आणि कुणाच्या तरी माळ्यावर नक्कल धडधाकट. मग त्या नकलेवरूनच नवी नक्कल. शेऱ्यात तसं लिहावं लागे.

लेणीवाला:
आणखी एक, मग थांबतो. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला छाप पुन्हा मारलेला. वितळवून नवी पाडली नाहीत, जुन्यावरच ठोकली. त्यामुळे खालून नहपानाचं नाक डोकावतं. आणि नहपानाच्या नाण्यावर तरी काय, कडेनं ग्रीक लिपी. ‘छाप’ आणि ‘ठसा’ हे शब्द मला या चर्चेत नक्कल-अस्सलपेक्षा जास्त कामाचे वाटतात. ‘कामावर त्याचा ठसा आहे’ म्हणताना धातू कुणाचा हे आपण विचारतच नाही.

सिडकोवाली:
या सगळ्यात ‘मौलिक’ कुणी काढला नाही ते बरं. हिंदीत मौलिक म्हणजे स्वतःचं, आधी कुणी न केलेलं. मराठीत ‘पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले’, म्हणजे मोलाचं. शब्दाच्या पोटात मूळ आहे पण मराठी कानाला मोल ऐकू येतं. एका जाहिरातीत ‘मौलिक डिझाइनचे बंगले’ वाचलं होतं, मला वाटलं महाग आहेत. होतेही.

गंगेवरचा:
‘प्रति’ पण घ्या. प्रतिपंढरपूर, प्रतिशिर्डी. तिथे कोणी नाक मुरडत नाही, उलट रांग लागते. प्रतिवानखेडे चालेल का?

तांबट_आळी:
चालेल, फक्त ‘प्रति’ला दोन तोंडं आहेत. प्रतिपंढरपुरात तो हात जोडून उभा. साताऱ्याच्या प्रतिसरकारात तो छाती काढून समोर उभा. विश्वामित्राची प्रतिसृष्टी या दोन्हींच्या मधे कुठेतरी. ब्रागासमोर तुझं स्टेडियम कसं उभं राहणार ते तू ठरव.

अजून एक शब्द देतो, तो नाशिकचाच म्हण. घाट. आमच्या आळीत हंडा ठोकून झाला की म्हातारे म्हणायचे, ‘घाट बरा उतरला.’ समीक्षक कवितेचा घाट म्हणतात. आणि गंगेवर (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) जाऊन बसतो तोही घाट. पायऱ्यांवर हजारो माणसं बसवून मधे काय चाललंय ते सगळ्यांना दिसेल अशी सोय या गावानं कधीपासून केलेली आहे, मधे मैदानाऐवजी पाणी एवढंच. पूर आला की खालच्या पायऱ्या जातात, वरच्या राहतात, लोक वर सरकतात. तुझ्या खाणीत पावसाचं पाणी साचणारच आहे.

खाणीतली:
रात्री टिपण बदललं. वाचते: ‘ब्रागाकडून एकच गोष्ट घेतली आहे, खाणीचा कडा न झाकण्याची. मैदानाचे माप क्रिकेटवरून घेतले आहे. बसण्याच्या पायऱ्यांचा घाट गोदावरीवरून.’ तारा काढून टाकल्या. खालच्या पाच पायऱ्या पावसाळ्यात पाण्याखाली जातील अशा धरल्यात.

रेकॉर्डरूम:
आता रुजवात घेणार म्हणून माझी सही घ्या.

खाणीतली:
घेते काका. पण एक घोळ झालाय. आज सकाळी टेप घेऊन रामकुंडाच्या खालच्या अंगाला गेले होते. एक पायरी १५ सेंटीमीटर, तिच्या खालची २३, एक तर जवळजवळ ४०. मी वाकून मोजत होते तर धुणं घेऊन आलेल्या एका आजींनी बादली त्या चाळीसवाल्या पायरीवर ठेवली आणि स्वतः पंधरावालीवर टेकल्या. म्हणाल्या, ‘सगळ्या सारख्या केल्या असत्या तर बसायचं कुठं?’ आता हे ड्रॉइंगमध्ये कसं दाखवू? की सरळ ‘गंगाघाटाच्या धर्तीवर’ लिहून मोकळी होऊ?

गंगेवरचा:
लिहिलंस तर या वेळी लाल गोल मी काढीन.