'रिइन्फोर्समेंट'ला प्रबलन म्हणावं का?

टिपणवाली: अकरावी-बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला टोकामाक या कंकणाकृती यंत्रात प्लाझ्मा (अतितप्त, वीज वाहून नेणारा वायू) चुंबकांनी अधांतरी धरतात. चुंबकांच्या 19 कॉइल, प्रत्येकीचं व्होल्टेज सेकंदाला 10,000 वेळा ठरवायचं. आधी सिम्युलेटरवर शिकलेल्या प्रोग्रामला ते जमलं. 2022 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. तो ज्या पद्धतीनं शिकला (करून पाहायचं आणि परिणामाला मिळालेल्या आकड्यावरून सुधारायचं), त्या 'रिइन्फोर्समेंट लर्निंग'ला मी 'प्रबलन अध्ययन' लिहिलं. वहिनी सिव्हिल इंजिनिअर. म्हणाल्या, "प्रबलित म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. शिकण्यात सळया कशाला?" शिवाय 'नॉनलिनिअर'ला अरेषीय लिहू की अरैखिक?

मानसशास्त्रवाला: प्रबलनच ठेवा. उंदरानं कळ दाबली, दाणा मिळाला, म्हणून तो पुन्हा दाबतो. आमच्या विषयात याला प्रबलनच म्हणतात, आणि संगणकवाल्यांनी शब्द तिथूनच उचललाय.

कंट्रोल_पुणे: मुलांना प्रबलन कळणार नाही. सरळ 'रिइन्फोर्समेंट लर्निंग' लिहा.

जुनी_पाटी: म्हणजे मराठीत फक्त क्रियापदं उरणार! 'वळण लावणे' हा आपला शब्द आहे. आजोबा नवा खोंड जुन्या बैलाशेजारी जुंपायचे, चार दिवसांत औत त्याच्या अंगवळणी पडायचं.

कंट्रोल_पुणे: ते अनुकरण झालं. इथे शेजारी जुना बैल नसतो. हातावर काठी तोलायला शिकताना कोणी सांगत नाही हात किती हलवायचा. काठी पडते, तेवढंच कळतं. बार्टो, सटन आणि अँडरसन या संशोधकांनी 1983 मध्ये संगणकातल्या नकली गाडीवरचा दांडा असाच तोलून दाखवला. अरेषीयही त्यातच दिसतं. काठी जवळजवळ उभी असेल तर दुप्पट कललेल्या काठीला साधारण दुप्पट जोर पुरतो. खाली लोंबणारी काठी झोके देऊन वर आणायची, तर तो हिशेब कोलमडतो.

टिपणवाली: काठीचं उदाहरण घेतेच. मग 'बक्षिसातून शिकणे' चालेल?

मानसशास्त्रवाला: बक्षीस उणे नसतं. इथे आकडा उणेही येतो.

शब्दवेडा: 'मोबदला' घ्या. बदल आणि मोबदला एकाच अरबी घरातले. कृती बदलली की मोबदला बदलतो, अर्थ आपोआप जुळतो.

जुनी_पाटी: संस्कृत नको म्हणून अरबी? मला 'गुण' पटतो. गुण मिळतात, कापलेही जातात. परीक्षा देणाऱ्या मुलांना हे सांगावं लागत नाही.

कंट्रोल_पुणे: गुण म्हणजे गुणधर्मही. "प्लाझ्माचे गुण" म्हटलं की गोंधळ.

टिपणवाली: आणि अरेषीय की अरैखिक?

शब्दवेडा: दहावीच्या पुस्तकात 'रेषीय समीकरणे' आहेत, तेव्हा अरेषीय. रेषा आणि रेखा मुळात एकच असाव्यात, ष आणि ख यांची अदलाबदल जुनीच.

परभणीकर: जुनी_पाटी, औताला नवा जुंपतात त्याला आमच्याकडे गोऱ्हा म्हणतात. खोंड कुठल्या भागात?

जुनी_पाटी: आमच्याकडे, साताऱ्याला. गोऱ्हा म्हणजे त्याहून लहान.

परभणीकर: नाही हो, आमचा गोऱ्हा चांगला दोन-तीन वर्षांचा असतो.