मदत हवी आहे: पुण्यातून शुक्राची चांदणी कशी ओळखावी?

पूर्वेचा_सज्जा (९ जानेवारी २०२६, सायं. ७.४०)
माझे वडील गावाहून आले असून रविवारी सकाळी परत जाणार आहेत. पूर्वी पाहिलेली शुक्राची चांदणी पुन्हा एकदा डोळे भरून पाहावी, अशी त्यांची इच्छा आहे. आमच्या सज्जातून एक अतिशय तेजस्वी चांदणी दिसते, परंतु तिच्या उजवीकडे आणखी एक तशीच आहे. यांतील शुक्र कोणता? कृपया आजच उत्तर द्यावे.

ध्रुवमत्स्य
सज्जा कोणत्या दिशेला आहे, चांदणी किती वाजता दिसते आणि क्षितिजापासून साधारण किती उंच असते, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

गच्चीकर
एवढ्या चौकशीची गरज नाही. आकाशातील सर्वांत तेजस्वी चांदणी ती शुक्राचीच. शिवाय ग्रह लुकलुकत नाहीत. दोहोंपैकी जी स्थिर दिसते ती वडिलांना दाखवावी.

पूर्वेचा_सज्जा
सज्जा पूर्वेला आहे हे माझ्या नावातच आहे. वेळ रात्री आठ-नऊची. मोबाइलवर आकाशाचा नकाशा उघडला, तर तो दर वेळी वेगळीच दिशा दाखवतो.

ध्रुवमत्स्य
मग यांतील एकही शुक्र नाही. शुक्र पृथ्वीवरून सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा अधिक दूर गेलेला कधीच दिसत नाही. म्हणून तो एकतर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसतो किंवा सूर्योदयापूर्वी पूर्वेला. रात्री नऊ वाजता तो पूर्वेला असणे शक्यच नाही. त्यातून याच ६ तारखेला तो सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होता, त्यामुळे सध्या सूर्याच्या तेजात बुडालेला आहे.

नऊच्या सुमारास पूर्व-आग्नेयेला उंचावर मृग नक्षत्रातील एका रेषेतले तीन तारे शोधावेत. ती रेषा खाली उजवीकडे वाढवली की व्याध हा ठळक तारा लागतो. तुमची उजवीकडची चांदणी हीच असावी. मृगाच्या डावीकडे, थोडा खाली असलेला, पिवळसर पांढरा आणि व्याधाच्या जवळपास तिप्पट तेजस्वी दिसणारा तो गुरू. पुनर्वसू नक्षत्राचे दोन तारे त्याच्या जवळच आहेत. उद्या, १० जानेवारीला, गुरू पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येत आहे, त्यामुळे तो रात्रभर दिसेल.

न लुकलुकण्याच्या खुणेवर मात्र विसंबू नये. क्षितिजालगत, तापलेल्या छपरांवरील हवेतून पाहताना ग्रहही थरथरतात.

गच्चीकर
मी तीस वर्षे याच खुणेने ग्रह ओळखत आलो आहे आणि डोक्यावर आलेल्या ग्रहाच्या बाबतीत ती कधी चुकलेली नाही. सूर्यापासूनच्या अंतराचा मुद्दा मात्र मान्य आहे.

रानवाट
शहराच्या दिव्यांत हा खटाटोप व्यर्थ आहे. वडिलांना पानशेतच्या बाजूला घेऊन जावे.

ध्रुवमत्स्य
दिव्यांच्या उजेडात मंद तारे हरवतात, आकाशगंगा हरवते, गुरू नाही. वयस्क माणसाला थंडीत घाटरस्त्याने नेण्याचे कारण नाही. नकाशा चुकतो तो बहुधा सज्जाच्या लोखंडी जाळीमुळे. लोखंडाजवळ मोबाइलचे होकायंत्र भरकटते. आणि पाहायचे ते दहाच्या आत पाहावे, कारण त्यानंतर गुरू इतका वर चढेल की वरच्या मजल्याच्या सज्जाआड जाईल.

लोलक
नवशिक्यांनी ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण घ्यावी. तिपाई भक्कम असावी; माझे पहिले वर्ष हलक्या तिपाईपायी वाया गेले.

पूर्वेचा_सज्जा (१० जानेवारी, रात्री १०.१५)
दुर्बीण विकत घ्यायची नाही. शेजाऱ्यांची १० बाय ५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री मिळाली. जाळीला टेकवून धरली तेव्हा गुरूजवळ एका ओळीत बारीक ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, स्पष्ट दिसले. वडिलांनी ते बराच वेळ पाहिले आणि मग शांतपणे म्हणाले, “छान आहे, पण ही ती नव्हे. ती बैल जुंपायच्या आधी उगवायची.” ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो असल्यामुळे येथे लिहावी, असे सुचलेच नाही. आता काय करावे?

ध्रुवमत्स्य
म्हणजे त्यांना पहाटेचा शुक्र हवा आहे. मार्चपासून तो संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागेल आणि ९ जूनच्या आसपास गुरूच्या अगदी जवळ येईल. परंतु ती त्यांची चांदणी नव्हे. २४ ऑक्टोबरला तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून पलीकडे जाईल, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून उजाडण्यापूर्वी पूर्वेला ठळक दिसेल. त्यांच्या गावी अंगणातून पूर्व मोकळी आहे का?

पूर्वेचा_सज्जा
आहे. समोर फक्त शेत आहे. नोव्हेंबरमध्ये मीच गावी जातो.