पणजीची वाकळ बाळासाठी वापरू का? धुवायची कशी?

हुरडापार्टी:
नमस्कार मंडळी, बाळंतपणाला माहेरी सोलापूरला आलेय आणि आईनं काल ट्रंकेतनं पणजीनं शिवलेली वाकळ काढलीय. पणजीकडून आजीकडं, आजीकडून आईकडं, आता आई म्हणायलीय जाताना तू घेऊन जा. वरचा थर इरकल लुगड्याचा, गर्द हिरवा, मधोमध लाल पदराचा मोठा तुकडा. एका कोपऱ्यात फाटलंय तिथून आतलं धोतर दिसतंय आणि त्याच्या खाली मिलचं जाडंभरडं कापड (पणजोबा जुन्या मिलमधी होते त्यामुळं घरात कापडाला तोटा नव्हता म्हणे, बाकी सगळ्याला होता). धावदोरा इतका बारीक की मशीनची शिलाई वाटावी, फक्त एका बाजूला टाके एकदम लांब लांब होतात, ते आजीचे, पणजीला दिसेनासं झाल्यावर आजीनं पुरी केली.

आता आईचं म्हणणं बाळाला हिच्यावरच झोपवायचं, आमच्यात सगळी लेकरं हिच्यावरच वाढली. मला वाटतंय चार दिवसांत चिंध्या होतील. शिवाय डांबरगोळ्यांचा लई उग्र वास येतोय. मशीनला लावू का ड्रायक्लीनला देऊ? मावशी म्हणते मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो.

पूर्वभाग:
मशीनला अजिबात लावू नका ताई. आमचं घरच विणकराचं आहे म्हणून सांगतो, इरकलमधी अंग बहुतेक सुती असतं आणि पदर वेगळ्या ताण्याचा म्हणजे उभ्या धाग्यांचा, जुन्या लुगड्यात तो रेशमी असायचा, दोन्हीचे धागे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात, टोपतेनी म्हणतात त्याला. म्हणजे तुमच्या वाकळेत एकाच थरात दोन जातीचं कापड आहे, पाण्यात दोन्ही सारखं वागत नाही, आणि तो लाल रंग सुटला तर खालच्या धोतरापर्यंत जाईल.

आधी पांढरं सुती फडकं ओलं करून लाल तुकड्यावर कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर धुवायचा विषयच संपला. मिठाचं म्हणाल तर ते रंगवताना काही रंगांना लागतं, एकदा रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठानं पक्का होत नाही, सगळ्या मावश्या मात्र मिठाचंच सांगतात.

कडकभाकरी:
काय ओ, वाकळ काय म्युझियममधी ठेवायला शिवली होती का पणजीनं? जुन्या लुगड्यांचं सोनं करायचं म्हणून शिवली, वापरायला. कपाटात ठेवून कसर खाणार, उंदीर कुरतडणार, त्यापेक्षा लेकराच्या मुतानं भिजली तर काय बिघडलं. आमच्यात आज्जीची वाकळ अजून गच्चीवर टाकून झोपतो उन्हाळ्यात, ठिगळावर ठिगळ आहे, आता मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं कुणाला कळत नाही. मस्त आहे.

बाराबंदी:
@कडकभाकरी तुमच्या वाकळेचं ठीक आहे, पण बाळाचा विषय वेगळा. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला तसेच लावायचे नसतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, अशा बाळांना त्या वासानं तांबड्या पेशी फुटून जबरदस्त कावीळ होऊ शकते. आणि बाळाला ती कमतरता आहे हे आपल्याला आधी कुठं माहीत असतं? दुसरं म्हणजे पहिलं वर्षभर बाळाच्या अंगावर सुट्टं जड पांघरूण नको आणि अंगाखाली मऊ जाड काही नको, सपाट घट्ट गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर बास. आईला माझं नाव सांगा 😄

गोळ्या आजच काढून टाका. वाकळ सावलीत, वारं लागेल अशा ठिकाणी बरेच दिवस पसरून ठेवा, आणि बाळाच्या खोलीत नको.

चाटीगल्ली:
ड्रायक्लीनवाल्याकडं देताना शंभरदा विचार करा. सासूबाईंची गोधडी एका लाँड्रीत दिली होती, परत आली तेव्हा सगळा काठ गुलाबी आणि वर आम्हालाच म्हणाले जुनं कापड आहे मॅडम.

रंग सुटत नसेल आणि धुवायचीच असेल तर टबमधी जुनी चादर अंथरून तिच्यावर वाकळ ठेवायची, गार पाण्यात थोडं सौम्य लिक्विड, हातानं नुसतं दाबायचं, पिळायचं नाही. उचलताना खालच्या चादरीला धरून दोघांनी उचलायचं, कारण ओली वाकळ इतकी जड होते की दोरीवर टाकली तर स्वतःच्याच वजनानं टाके उसवतात. वाळवायची पण आडवी, सावलीत. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन म्हणजे पापड वाळवायला, इरकलीला नाही.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट राहून बुरशी धरते. मांजरपाट आणून आधी धुवून घ्या, त्यात गुंडाळा. घडीपेक्षा गुंडाळी बरी, घडीवरच कापड आधी तुटतं. घडीच घालायची तर दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला.

हुरडापार्टी:
बापरे, डांबरगोळ्यांचं काहीच माहीत नव्हतं, आईला वाचून दाखवलं तर गप्प बसली, मग म्हणाली आमच्या वेळी कडुनिंबाचा पाला घालायचो तेच बरं होतं. सध्या वाकळ मागच्या पडवीत बाजेवर पसरलीय. फडकं दाबून बघितलं, चांगलं लालभडक झालं, त्यामुळं धुणं कॅन्सल. फाटलेल्या कोपऱ्याचं काय करू? आई तिथं नवीन इरकलचा तुकडा लावू म्हणते.

पूर्वभाग:
नवीन कापड नको, ते घट्ट असतं, जुन्याला ओढून आणखी फाडतं. बारीक मलमल त्याच हिरव्या रंगात मिळाली तर फाटलेल्यावर वरून ठेवा आणि आजूबाजूच्या धड कापडात सैल टाके घाला. आतलं धोतर तसंच राहू द्या, काढू नका. आणि ते लांब टाके कुणाला सुधारू देऊ नका.

कडकभाकरी:
बरं, बाळाचं पटलं. पण मोठं झाल्यावर तरी द्या त्याला वापरायला. आणि आईच्या धुवून मऊ झालेल्या सुती साड्या असतीलच की, त्याचं दुपटं शिवा बाळाला गुंडाळायला, आईलाच बसवा शिवायला, म्हणजे वाकळेचा नाद सोडतील.

हुरडापार्टी:
ते तर कालच सुरू झालंय 😂 दोन साड्या फाडल्या, तिसरीवरनं भांडण चालू आहे कारण ती मला नेसायला पाहिजे होती. बारशाला वाकळ पाहुण्यांना बघायला बाहेरच्या खोलीत अंथरायची असं ठरलंय, वर कुणी चहा घेऊन बसायचं नाही. मलमल चाटी गल्लीत मिळेल ना? हिरव्याची शेड जुळवायला कोपऱ्याचा फोटो घेऊन जायला सांगते भावाला.

चाटीगल्ली:
मिळेल. फोटोत शेड चुकते ओ, आतून उसवलेला एखादा हिरवा धागा सापडला तर तो कागदाला चिकटवून पाठवा.